झाडांच्या आधी उताराचे बोला

चंद्रपूर, वणी, राजुरा, उमरेड या पट्ट्यात कोळसा खाणीची जनसुनावणी लागली की कोळशाच्या वरून काढून रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून भांडण ठरलेलेच. कंपनीचा माणूस लावलेल्या रोपांचा आकडा वाचून दाखवतो. गावाकडून उत्तर येते, आकडे राहू द्या, ढिगारे उचला, खड्ड्यात टाका आणि जमीन होती तशी सपाट करून द्या. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही छापून येते. मग पावसाळा लागतो आणि ढिगाऱ्याची माती पुन्हा नाल्यात उतरते, नाल्यातून वावरात जाते. माझे म्हणणे असे आहे की या वादात दोन्ही बाजू मुख्य प्रश्नाला हातच घालत नाहीत. ढिगाऱ्यावर काय लावले हा नंतरचा प्रश्न आहे. तो उचलला जाणार का, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असेच आहे, आणि ते का, ते पुढे सांगतो. आधी विचारायला हवे ते हे की त्या ढिगाऱ्याचा आकार काय असणार आणि त्याच्यावर पडलेले पाणी कुठल्या वाटेने खाली येणार. खाणीने उलथून टाकलेल्या जमिनीला आसपासच्या टेकड्यांसारखे रूप द्यायला हवे. तिला पाणलोट हवेत, वळणारे नाले हवेत, पसरत जाणारा पायथा हवा. आणि हे रूप खाण बंद होताना ठरवून उपयोग नाही. पहिला डंपर रिकामा होण्याआधी ते नकाशावर असले पाहिजे.

आज ढिगारा कसा रचला जातो ते आधी पाहू. कोळसा खाणींसाठीच्या २०१७ च्या विनियमांत उताराची मर्यादा आहे. मातीच्या ढिगाऱ्याचा उतार कुठेही ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको. उंची ३० मीटरच्या वर गेली तर पायऱ्या पाडायच्या, आणि एकूण उतार दीड मीटर आडव्याला एक मीटर उभा, याहून खडा नको. पर्यावरण मंजुरीच्या अटींत पुष्कळदा एकूण उतार २८ अंशांवर ठेवायला सांगतात. हे नियम चांगले आहेत. ते खाणीत काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर ढिगारा येऊ नये म्हणून आहेत आणि त्यांनी जीव वाचवले आहेत. पण खाण चालू असतानाची सुरक्षितता वेगळी आणि खाण संपल्यावर शंभर पावसाळे सोसणे वेगळे. पहिलीसाठी कोन पुरतो, दुसरीला पुरत नाही. प्रत्यक्षात मात्र याच नियमांतून एक ठराविक आकार जन्माला आला आहे. सरळ रेषेतला उतार, मग सपाट पायरी, पुन्हा सरळ उतार, वर टेबलासारखा माथा. वणीपासून बल्लारपूरपर्यंत कुठेही नजर टाका, हाच आकार दिसेल.

या आकारात पाणी काय करते? माथ्यावरून निघालेले पाणी सरळ उतारावर खाली येता येता वाढत जाते, आणि वाढते तसा त्याचा वेगही वाढतो. पायरीवर त्याने थांबावे, पायरीच्या आतल्या कडेने वाहत जावे आणि सिमेंटच्या उतरत्या नालीतून खाली जावे, अशी योजना असते. पण ढिगारा ही नुकतीच ओतलेली माती. ती बसत जाते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. पायरीवर एखादी जागा वीतभर खाली जाते. तिथे डबके साचते. आषाढातल्या एखाद्या रात्री ते भरते, पायरीची बाहेरची कड फुटते, आणि खालच्या पायरीवर तिचे स्वतःचे पाणी अधिक वरचे पाणी असा दुहेरी लोंढा येतो. तिसऱ्या पायरीपर्यंत त्याची घळ झालेली असते. वणी भागातल्या एका जुन्या ढिगाऱ्यावर अशा घळीत मी उतरलो आहे. घळीत उभे राहिले तर बाहेरच्या माणसाला डोकेही दिसणार नाही इतकी ती खोल होती. दोन्ही काठांवर लागवडीतल्या शिसवाच्या मुळ्या हवेत लोंबत होत्या. सिमेंटची नाली शेजारीच होती, पण तिच्या पोटाखालची माती कधीच निघून गेली होती आणि तुकडे कमानीसारखे अधांतरी राहिले होते. पाण्याने तिच्यातून जाण्याचे नाकारून तिच्या खालून वाट काढली होती. खाली पायथ्याशी पऱ्हाटीचे वावर होते. त्याच्या एका कोपऱ्यात राखाडी गाळाचा थर बसला होता, धुरा म्हणजे वावराच्या कडेचा बांध अर्धा बुजला होता. वाळल्यावर त्या गाळाची अशी पापडी धरली होती की तिच्याखालून सरकीचा कोंब वर येणे शक्य नव्हते. त्या वावराच्या म्हाताऱ्या मालकाने एका वाक्यात सगळे सांगितले. ‘पहिले पाणी कोठून येते ते आमाले माहीत होतं, आता ते ढिगारा ठरवते.’

त्या शिसवांची काय चूक होती? झाडे चांगली वाढली होती. लागवडीच्या अहवालात ती जिवंतच मोजली गेली असणार. झाडांच्या मुळ्या वरची माती धरतात, हे खरे. पण वरून येणारा लोंढा एकदा एका रेषेत गोळा झाला की त्याला मुळ्या आवरत नाहीत. तिथे आधी लोंढाच न होऊ देणे एवढाच उपाय असतो, आणि तो आकारातून होतो.

नैसर्गिक टेकडीकडे पाहा. तिचा माथा फुगीर असतो, पायथा पसरट आणि आत वळलेला. याची कारणे अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडली होती. माथ्यावर पाणी थोडे असते, म्हणून तिथे उतार हळूहळू वाढला तरी चालतो. खाली पाणी जास्त जमते, म्हणून तिथे उतार कमी होत गेला पाहिजे, नाहीतर ते पाणी जमीन खाईल. शिवाय टेकडीचा उतार कधी एका सलग भिंतीसारखा नसतो. त्यात कण्या म्हणजे उंच निघालेल्या धारा असतात, कण्यांच्या मध्ये दऱ्या असतात. त्यामुळे पाणी लहान लहान पाणलोटांत वाटले जाते आणि कुठल्याही एका ओघळीला फार पाणी येत नाही. वरच्या खड्या भागात ओघळी नागमोडी मोडत उतरतात, खालच्या सपाटीवर नाला मोठी वळणे घेतो. हा आकार लाखो पावसाळ्यांनी घडवला आहे. जे टिकण्यासारखे नव्हते ते वाहून गेले, उरले ते हे. मग जी गोष्ट पाऊस ढिगाऱ्यावर आपल्या वावरांच्या खर्चाने शेवटी करणारच आहे, ती आपण आधीच करून का ठेवू नये?

ही निव्वळ कल्पना नाही. अमेरिकेत निकोलस बुगोश यांनी ‘जिओफ्लूव्ह’ नावाची पद्धत बसवली. खाणीजवळची एखादी स्थिर, नैसर्गिक जमीन निवडायची. तिथे कणीपासून ओघळ कुठे सुरू होते, दर हेक्टरी नाल्यांची लांबी किती, वळणे किती रुंद, हे मोजायचे. त्या मापांवरून आणि त्या जागच्या पावसाच्या आकड्यांवरून ढिगाऱ्याचा आराखडा काढायचा. न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटासारख्या कोळसा खाणींवर असे काम झाले. स्पेनमध्ये आल्तो ताहो या संरक्षित निसर्गक्षेत्राच्या कडेला असलेल्या केओलिन या पांढऱ्या मातीच्या खाणींवर झाले, जिथे गाळ नदीत जाणे हीच मुख्य तक्रार होती. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेने १९७७ मध्येच कायदा केला होता की कोळसा काढल्यावर जमीन साधारण मूळच्या आकारात आणा. कायदा असूनही पुष्कळ वर्षे तिथेही पायऱ्या आणि सरळ उतारच होत राहिले, कारण ‘मूळचा आकार’ याचा अर्थ लोकांनी उंची आणि कोन एवढाच घेतला. पाण्याच्या वाटा त्यात धरल्याच नाहीत. आपल्याकडे ‘होती तशी करून द्या’ म्हणणाऱ्यांनी हा धडा जरूर घ्यावा.

आता उलट बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे. न्यू मेक्सिकोच्या त्या भागात वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस चंद्रपुरात चार महिन्यांत पडतो. तिथले नाले वर्षातला बराच काळ कोरडे, इथे जुलैत सलग आठवडाभर झड लागते. शिवाय आपली माती वेगळी. वर्धा खोऱ्यातले ढिगारे काळ्या कन्हार जमिनीवर उभे आहेत. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून फाटते, आणि ओली झाली की तिच्यावरचा भार सरकू लागतो. तेव्हा तिकडचा आकार इथे चालेल कशावरून? आणखी एक आक्षेप याहून बारीक आहे. टेकडी खडकाची असते, ढिगारा भुसभुशीत. खडकाच्या टेकडीचे माप घेऊन मातीचा ढीग रचणे मुळात चुकीचे नाही का?

दोन्ही आक्षेप खरे आहेत, आणि ज्यांनी ते घेतले त्यांना विषय कळलेला आहे. तिकडचा आकार इथे आणून बसवला तर तो एका पावसाळ्यात फाटेल. पण मागायची आहे ती पद्धत, आणि तिचे पहिलेच पाऊल स्थानिक माप घेणे हे आहे. माप खडकाळ टेकडीचे घेऊ नये, हेही बरोबर. ते डोंगराच्या पायथ्याला साचलेल्या सुट्या मातीच्या उताराचे घ्यावे. जुन्या, सोडून दिलेल्या ढिगाऱ्यांचेही घ्यावे. आपल्या पट्ट्यात असे ढिगारे आहेत ज्यांच्यावर काही दशकांचा पाऊस पडून गेला आहे. कुठले भाग अजून फाटत आहेत आणि कुठले गवत धरून शांत झाले आहेत, हे ज्याला पाहायचे त्याला दिसते. शांत झालेल्या भागांचा उतार किती, ओघळींमधले अंतर किती, हे मोजायला परदेशातून कोणाला बोलवावे लागत नाही. नागपुरात खाण नियोजनाची सरकारी संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, भूगर्भशास्त्राचे विभाग आहेत. आणि पाऊस जास्त म्हणजे ही पद्धत निरुपयोगी, हा निष्कर्ष उलटा आहे. पाऊस जास्त असेल तिथेच पाण्याच्या वाटा आखून देण्याची गरज जास्त.

इथे आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवते. महाराष्ट्रात मृद्संधारणाची कामे निघाली तेव्हा समतल बांध घातले गेले, खोल काळ्या जमिनीतही घातले गेले. हलक्या जमिनीत ते उत्तम. काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी तुंबले, पीक पिवळे पडले, आणि मोठ्या पावसात बांध फुटून एकाच जागी घळ पडली. शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी बांध स्वतः फोडले. पुढे शास्त्रज्ञांनीही मान्य केले की भारी काळ्या जमिनीत समतल बांध नको, ढाळीचा बांध हवा, म्हणजे पाणी अडवण्याऐवजी त्याला सावकाश बाहेर नेणारा बांध. ढिगाऱ्यावरच्या पायऱ्या हे त्या समतल बांधांचेच मोठे रूप आहे, आणि त्या फुटतातही तशाच.

म्हणूनच एक चांगल्या हेतूची मागणी मला धोक्याची वाटते. पाणलोटाचे काम केलेली मंडळी म्हणतात, ढिगाऱ्यांवर सलग समतल चर खोदा, पाणी अडवा, पाणी जिरवा. आपल्या खेड्यापाड्यांत या घोषणेने मोठे काम केले आहे. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला, थांबलेल्याला जिरायला, हे वाक्य आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण ढिगाऱ्यावर या वाक्याचा पहिला तुकडाच घ्यायचा. सुट्या मातीच्या उंच ढिगात पाणी जिरवले की आतला दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि तळाची काळी माती ओली होऊन पाय सरकतो. वेल्समधल्या ॲबरफॅन गावाची कहाणी जगाला ठाऊक आहे. कोळसा खाणीचा ढीग झऱ्यांच्या जागेवर रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, पावसानंतर, तो खाली शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांतली ११६ मुले होती. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडातल्या लालमटिया खाणीत ढिगारा कोसळून २३ कामगार मेले. जून २००९ मध्ये राजुरा तालुक्यातल्या सास्तीच्या खुल्या खाणीतही ढिगारा घसरला होता. प्रत्येक घटनेची कारणे वेगळी असतील, पण ढिगात पाणी मुरवण्याची घाई करू नये एवढे तर यातून शिकावे. ढिगाऱ्यावरचे पाणी धीम्या चालीने पायथ्याशी आणावे, आणि जिरवायचे असेल तर तिथून दूर, पक्क्या जमिनीत जिरवावे.

आता ‘सपाट करून द्या’ या मागणीकडे येतो. तिच्यामागचे दुःख मला पूर्ण समजते. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली गेलेली जमीन शेतकऱ्याकडे परत येत नाही. ज्याच्या आजोबाने ती जमीन वाहिली, त्याच्या नातवाला तिथे ढीग दिसतो. त्याने वावर मागावे हे स्वाभाविक आहे. जिथे खाणीच्या आत माती भरली जाते तिथे वहितीयोग्य जमीन करणे शक्य आहे, आणि ती केलीच पाहिजे. पण सगळे ढिगारे आत जाऊ शकत नाहीत. खाण सुरू होते तेव्हा पहिल्या खड्ड्याची माती टाकायला आत जागाच नसते, ती बाहेर टाकावी लागते. फोडलेला खडक मूळच्या जागेपेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. खाण पुढे सरकत जाते, मागचा खड्डा भरत जातो, आणि शेवटी सुरुवातीचा ढीग एका टोकाला व शेवटचा खड्डा दुसऱ्या टोकाला उरतो, मध्ये कित्येकदा किलोमीटरांचे अंतर. ती माती पुन्हा उचलून नेण्याचा हट्ट कागदावर जिंकता येईल. पण निकाल लागेपर्यंत त्या ढिगाऱ्याच्या उताराकडे कोणी पाहणार नाही आणि तेवढे पावसाळे वावरांवरून जातील. शिवाय आत भरलेली मातीसुद्धा वर्षानुवर्षे बसत जाते. तिला एकदम सपाट केले तर दोन-तीन पावसाळ्यांत जागोजागी खळगे पडून पाणी साचते, आणि मग तिथे ना धान होते ना सोयाबीन. सपाट वावरालाही ढाळ लागतो, पाण्याला बाहेर जायला नाला लागतो. म्हणजे सपाटीची मागणी केली तरी आकाराचा प्रश्न सुटत नाही.

कंपन्यांचे म्हणणे दोन शब्दांत असते, जागा आणि पैसा. जागेचा हिशेब मांडून पाहू. ६० मीटर उंचीचा ढिगारा २८ अंशांच्या उताराने उभा केला तर उताराला आडवी सुमारे ११३ मीटर जागा लागते. तोच सरासरी चारास एक, म्हणजे चार मीटर आडव्याला एक मीटर उभा, या उताराने केला तर २४० मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला १२७ मीटर जास्त जमीन, आणि ती जमीन कोणाची? शेजारच्याच शेतकऱ्याची. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण चांगल्या उताराच्या नावाखाली आणखी वावरे गेली तर ते मला कदापि मान्य होणार नाही. पण हिशेब इथे थांबत नाही. आजच्या ढिगाऱ्यांचा माथा टेबलासारखा सपाट असतो, तिथे कण्या उचलायला जागा असते. खाणीच्या बाजूचा उतार भरलेल्या खड्ड्यावर पसरवता येतो, त्याला नवी जमीन लागत नाही. आणि सगळ्याच बाजू सौम्य कराव्या लागतात असेही नाही. नैसर्गिक टेकडीची कणी खडी असते, दरी सौम्य असते, सरासरी बऱ्यापैकी राखता येते. खाणीच्या ताब्यात असलेल्या हद्दीतच आकार बसवायचा, एक गुंठाही नवा घ्यायचा नाही, ही अट घालूनच आराखडा मागावा. जिथे तो खरोखरच बसत नाही, तिथे उंची कमी करावी आणि तेवढी माती आत भरण्याचे वेळापत्रक बदलावे.

पैशाचे म्हणणे मला कमी पटते. उभा राहिलेला ढिगारा पुन्हा खोदून आकार देणे महाग पडते, हे उघड आहे. एकच माती दोनदा वाहावी लागते. पण डंपर रोज माती कुठे ना कुठे ओततोच. तो कणीच्या जागी ओतायचा की दरीच्या जागी, हे आधी ठरलेले असेल तर वाहतुकीचा खर्च फार वाढत नाही. वाढते ते नियोजन, सर्वेक्षण आणि बुलडोझरवाल्याचे शिक्षण. उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रे आणि ड्रोनची मोजणी आज खाणीत नवीन राहिलेली नाही. आणि खर्चाचा हिशेब करताना दुसरी बाजूही धरायला हवी. दर पावसाळ्यानंतर घळी बुजवणे, फुटलेल्या नाल्या पुन्हा बांधणे, नाल्यांतला गाळ काढणे, वावरांची भरपाई आणि तिचे वर्षानुवर्षे चालणारे खटले, हे सगळे कोणाच्या खात्यावर जाते? बहुतांश त्या शेतकऱ्याच्या, ज्याचा धुरा बुजला.

हा वाद अगदी जुना आहे, आणि तो शेतकऱ्यांनी एकदा जिंकलेलाही आहे. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या प्रचंड फवाऱ्याने डोंगर फोडत. सगळा गाळ नद्यांत जाई. खाली सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात नद्यांचे पात्र भरून वर आले, शेते गाडली गेली, गावे पुराखाली गेली. खाणवाले म्हणत, सोन्याशिवाय प्रांत जगणार नाही. १८८४ मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी गाळ नदीत सोडण्यावर बंदी घातली. त्यानंतर काही दशकांनी गिल्बर्ट यांनीच त्या गाळाचा अभ्यास केला, आणि निकाल लागून एवढी वर्षे झाली तरी गाळ अजून खोऱ्यातून सरकतोच आहे असे त्यांना आढळले. चंद्रपुरात इरई नदीला पूर आला की काठावरच्या ढिगाऱ्यांकडे बोट दाखवले जाते, आणि जुलै २०२२ च्या पुरानंतर ही चर्चा पुन्हा झाली. पुराला किती वाटा पावसाचा, किती धरणातून सोडलेल्या पाण्याचा आणि किती ढिगाऱ्यांचा, हे मोजूनच सांगावे लागेल. पण नदीत गेलेली माती परत आणता येत नाही, हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिले आहे.

पर्यावरणाच्या चळवळीतल्या मित्रांची शंका वेगळी आहे. ते म्हणतात, नैसर्गिक दिसणाऱ्या टेकड्या ही कंपन्यांच्या हातात दिलेली रंगरंगोटी ठरेल. टेकडी छान दिसते, मग आणखी एक खाण मंजूर करा, असे होईल. ही भीती रास्त आहे. मी खाणीच्या मंजुरीची वकिली करत नाही. जिथे जंगल आहे, जिथे गाव नको म्हणते, तिथे खाण नकोच, आणि तिथे चांगल्या उताराचे आश्वासन हे उत्तर होऊ शकत नाही. पण जे ढिगारे आज उभे आहेत आणि रोज वाढत आहेत, त्यांचे काय? त्यांना ‘नको’ म्हणून ते जात नाहीत. आणि दिसण्याचा मुद्दा मी कसोटी म्हणून धरतच नाही. कसोटी एकच, पावसाळ्यात ढिगाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या नाल्याच्या पाण्यात गाळ किती आहे. शेजारच्या न खोदलेल्या पाणलोटातून येणाऱ्या पाण्याशी तो ताडून पाहायचा. ढिगारा कितीही देखणा असो, गाळ जास्त असेल तर काम नापास.

आजची मोजणी नेमकी हेच सोडून बाकी सगळे मोजते. कोळसा खाणींवर उपग्रहाने नजर ठेवली जाते, मोठ्या खाणींचे दरवर्षी नकाशे निघतात. त्यांत किती क्षेत्रावर लागवड, किती क्षेत्र भरलेले, किती चालू खाणीखाली, हे येते. वरून पाहिले की सुबाभूळ आणि विलायती बाभूळ सारखीच हिरवी दिसते, आणि तिच्या खाली फाटलेली घळ दिसत नाही. हिरवा रंग वाढला की पुनर्स्थापना झाली, असा समज पक्का होतो. त्या बाभळीच्या दाट जाळीत रानडुकरे मुक्काम करतात, बिबटे दबा धरतात, आणि पायथ्याच्या गावाला त्याची झळ बसते, हे वेगळेच.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी, नागपूरचेच शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, एक महत्त्वाचा आदेश दिला. खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने त्या जागेवर पुन्हा गवत आणावे, चारा, वनस्पती आणि प्राणी वाढतील अशी जमीन करावी. ‘गवत’ असे तिथे स्पष्ट म्हटले आहे, ‘इतकी रोपे’ असे नाही. हा आदेश आपल्याकडे जेवढा वापरला जायला हवा तेवढा वापरला जात नाही, याची मला खंत आहे. पवन्या, शेडा, मारवेल या गवतांची मुळे वितभर माती गच्च धरतात आणि गायक्याला चराई मिळते. पण गवत ३७ अंशांच्या सरळ उतारावर टिकत नाही. वरची सुपीक माती तिथे ठरत नाही, पहिल्या दोन सरींत ती खाली येते. खाण खोदताना वरची कन्हार, मोरंड माती वेगळी काढून ठेवायची असते. ती ठेवली, जपली आणि शेवटी पसरवली, तरी ज्या उतारावर ती पसरवायची तोच चुकीचा असेल तर सगळी मेहनत नाल्यात जाते. म्हणजे न्यायालयाचा आदेश पाळायचा असेल तरीही सुरुवात उतारापासूनच करावी लागते.

आपल्या भागाला जमीन वाचण्याची परंपरा नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपुरातले मामा (माजी मालगुजारी) तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले तेव्हा त्यांच्याकडे ना दुर्बीण होती ना नकाशा. पाणी कुठून येते, पाळ कुठे वळवायची, जास्तीचे पाणी सांडव्यातून कुठे सोडायचे, वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावाला कसे मिळेल, हे त्यांनी जमीन पायाखाली घालून ठरवले. त्यांची पाळ कुठेही पट्टीने आखल्यासारखी सरळ नाही, ती जमिनीच्या वळणाने जाते. कित्येक तलाव आजही पाणी धरून आहेत. ढिगाऱ्याच्या पायथ्याच्या गावांत ही जाण असलेली माणसे अजून आहेत, आणि नव्या आराखड्यात नाला कुठून काढावा हे सांगायला त्यांच्याइतका योग्य माणूस मिळणार नाही. जनसुनावणीत त्यांना विचारले जाते ते नोकरीबद्दल आणि भरपाईबद्दल. पाण्याबद्दल त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून पुढच्या सुनावणीत रोपांच्या आकड्यावर टाळ्या किंवा हूट न देता ग्रामसभेने एक नकाशा मागावा. खाण संपल्यानंतरच्या जमिनीचा, समोच्च रेषांसह, ज्यात प्रत्येक पाणलोट आणि प्रत्येक नाला दाखवलेला आहे आणि तो गावाच्या कुठल्या जुन्या नाल्याला मिळतो तेही आहे. तो नकाशा कुठल्या स्थानिक जमिनीच्या मापावरून काढला हे विचारावे, आणि ती जमीन पाहायला जावे. दर वर्षी डंपिंग त्या नकाशाप्रमाणे झाले का, हे मोजणीच्या आकड्यांवरून दाखवायला सांगावे. खाणबंदीच्या पैशाची व्यवस्था आधीच आहे. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या हिशेबाने कंपनीला एस्क्रो खात्यात रक्कम भरावी लागत आली आहे, पुढे हा दर वाढवलाही गेला, आणि काम झाल्याचे दाखवल्यावर त्यातला पैसा टप्प्याटप्प्याने सुटतो. ‘काम झाले’ याच्या व्याख्येत पावसाळ्यातल्या नाल्याच्या गाळाचा आकडा घालावा. तो आकडा कंपनीच्या सल्लागाराने एकट्याने न मोजता गावातल्या बारावी झालेल्या पोरांनी, शिकवून दिल्यावर, बाटल्या भरून, वाळवून, तोलून मोजावा. ढिगाऱ्याखालचा नाला आणि शेजारचा न खोदलेला नाला यांचा गाळ तीन पावसाळे सारखा येत नाही, तोवर त्या भागाचा पैसा सोडू नये.